स्वामी कुवलयानंद

नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. यात्रेत घोडे, उंट आणि गुरे यांचा बाजार भरतो, तसाच कुस्त्यांचा फडही रंगतो. लातूर येथे सिद्धेश्वराच्या यात्रेतही अशाच कुस्त्या होतात. हलगी कडाडू लागते, मल्ल शड्डू ठोकतात आणि जिंकणाऱ्याच्या मस्तकी फेटा चढतो. सारा जनसमुदाय त्याच्याभोवती जमतो. परंतु ज्या मल्लाचा खांदा दुखावला किंवा ज्याचा गुडघा मुरगळला, तो मुकाट्याने फडाबाहेर जातो. त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

त्या मल्लापुढे मोठा प्रश्न उभा असतो. कोणी त्याला महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहावयास सांगतात. कोणी दुखण्याकडे दुर्लक्ष करून पुन्हा जोर-बैठका मारावयास सांगतात. या दोन्ही सल्ल्यांत धोका आहे. हालचाल बंद पडलेल्या अवयवाचे स्नायू हळूहळू झडतात व सांधे आखडतात. उलट, दुखऱ्या अवयवावर अवेळी भार टाकला, तर दुखापत वाढते. औषधाची जशी मात्रा असते, तशीच व्यायामाचीही मात्रा असते. ती कमी पडली तर गुण येत नाही आणि अधिक झाली तर अपाय होतो. ही मात्रा कोणाला, केव्हा आणि किती द्यावी, हे जाणणारा मार्गदर्शक हवा.

आज असे मार्गदर्शन करणारे भौतिकोपचार तज्ज्ञ, म्हणजेच फिजिओथेरपिस्ट, नांदेड-लातूरसारख्या शहरांतही भेटतात. शंभर वर्षांपूर्वी ही स्थिती नव्हती. भौतिकोपचाराचे शिक्षण देणारे विद्यालय मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाले, तेही स्वातंत्र्यानंतर. त्याच्या कितीतरी आधी, व्यायाम हे औषध आहे आणि म्हणून त्याची परीक्षा झालीच पाहिजे, असा आग्रह धरणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई या गावी झाला. डभोई हे त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. त्यांचे वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वतीबाई. घरची स्थिती बेताचीच होती, किंबहुना काही काळ या कुटुंबाला इतरांच्या साहाय्यावर दिवस काढावे लागले. अशा परिस्थितीत जगन्नाथाचे शिक्षण म्हणजे एक झुंजच होती. परंतु मुलगा बुद्धिमान आणि जिद्दी होता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्याने संस्कृत विषयाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळणे हा मोठा बहुमान समजला जाई. शिष्यवृत्तीच्या बळावर जगन्नाथाने बडोदे कॉलेजात प्रवेश घेतला आणि १९१० साली ते पदवीधर झाले.

तो काळ देशभक्तीने भारलेला होता. बडोदे कॉलेजात अरविंद घोष अध्यापन करीत होते. त्यांच्या विचारांनी तेथील तरुणांची मने पेटून उठत. लोकमान्य टिळकांच्या चळवळीचे वारेही सर्वत्र वाहत होते. तरुण जगन्नाथाच्या मनावर या दोघांचाही खोल परिणाम झाला. आपले आयुष्य देशाच्या कामी वेचावयाचे, असा त्याने निश्चय केला आणि आजन्म ब्रह्मचारी राहण्याचे व्रत घेतले.

परंतु देशसेवा करावयाची ती कशाच्या बळावर? दुर्बल शरीराच्या तरुणांकडून कोणते मोठे कार्य होणार? या प्रश्नाचे उत्तर जगन्नाथाला बडोद्यातच मिळाले. तेथे जुम्मादादा व्यायामशाळा प्रसिद्ध होती. तिचे चालक राजरत्न माणिकराव हे मल्लविद्येत आणि शस्त्रविद्येत निपुण होते. त्यांचा दरारा मोठा, शिस्त कडक आणि विद्यार्थ्यांवर माया तितकीच अपार. शेकडो तरुणांकडून एका तालात सामुदायिक कवायत करवून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. शिवाय, मोडलेली वा निखळलेली हाडे बसविण्याची कलाही त्यांना अवगत होती. त्यामुळे ज्या ठिकाणी शरीर कमवावयाचे, त्याच ठिकाणी दुखावलेल्या शरीराची काळजीही घेतली जाई. १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथाने माणिकरावांच्या हाताखाली भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. व्यायाम घेणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याला तो योग्य रीतीने देणे ही दुसरी गोष्ट, हा धडा त्यांना येथे मिळाला.

पदवी हाती आल्यावर गुणे यांना चांगली नोकरी मिळविणे अवघड नव्हते. पण त्यांनी राष्ट्रीय शिक्षणाचा मार्ग धरला. खानदेशातील अमळनेर येथे शिक्षणसंस्था उभारण्याच्या कामी त्यांनी हातभार लावला. पुढे १९२४ पासून साने गुरुजी शिक्षक म्हणून ज्या गावी राहिले, तेच हे अमळनेर. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे गुणे प्राचार्य झाले. विद्यार्थ्यांना ते भारतीय संस्कृतीचे अध्यापन करीत. परंतु राष्ट्रीय वृत्तीची ही संस्था इंग्रज सरकारला खपण्यासारखी नव्हती. अखेर ते महाविद्यालय बंद पडले. मोठ्या उमेदीने हाती घेतलेले काम असे संपुष्टात आले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले होते. १९१९ साली नर्मदेच्या तीरावरील मालसर या गावी परमहंस माधवदास यांची आणि त्यांची भेट झाली. माधवदास हे मूळचे बंगालचे. ते वयोवृद्ध योगी होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली गुणे यांनी योगाचा अभ्यास केला. आसने, प्राणायाम आणि शरीरशुद्धीच्या क्रिया यांचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला. या साधनांनी शरीरात काही विलक्षण बदल घडतात, हे त्यांच्या प्रत्ययास आले.

दुसरा कोणी एवढ्या अनुभवावर संतुष्ट झाला असता. गुरूंवर त्यांची निष्ठा होती आणि स्वतःचा अनुभव तर पाठीशी होताच. परंतु गुणे यांचे मन चिकित्सक होते. आपल्याला जे वाटते ते खरोखरच घडते काय, आणि घडत असेल तर कसे घडते, असे प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईनात. योगाविषयी त्या काळी दोन टोकांची मते होती. काही सुशिक्षितांना योग म्हणजे भोळ्या लोकांची समजूत वाटे. काही श्रद्धाळूंना योग ही गूढ विद्या वाटे आणि तिची तपासणी करणे हाच मुळी अपराध वाटे. गुणे यांनी दोन्ही टोके टाळली. प्राचीन म्हणून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, आणि प्राचीन म्हणून ती खोटीही ठरत नाही. तिची परीक्षाच घेतली पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

१९२० व १९२१ या वर्षांत बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने प्रयोग आरंभिले. त्यासाठी त्यांनी उड्डियान आणि नौली या दोन क्रिया निवडल्या. उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर सोडून, नवा श्वास न घेता बरगड्या वर उचलावयाच्या असतात. तसे केले की पोट आत ओढले जाते व बरगड्यांखाली खोल खळगा पडतो. नौलीमध्ये पोटाचे मधले उभे स्नायू पुढे काढून एखाद्या दोरखंडासारखे फिरविले जातात. पाहणारा थक्क होतो. पण आत काय घडते? ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून गुणे यांनी क्ष-किरणांची मदत घेतली. शरीराच्या आतील चित्र दाखविणारे हे यंत्र त्या काळी नवलाईचे होते. मोडलेले हाड पाहण्यासाठी ते वापरावे, हे डॉक्टरांना ठाऊक होते. योग्याचे पोट पाहण्यासाठी ते वापरावे, ही कल्पना अपूर्व होती.

पुढे त्यांनी दाब मोजणारी पाऱ्याची नळीही उपयोगात आणली. नौली चालू असताना आतड्यातील दाब किती असतो, हे त्यांनी मोजले. तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी झालेला आढळला. म्हणजे त्या क्षणी शरीरात अंशतः निर्वात स्थिती निर्माण होत होती. योगी पिचकारीवाचून आतड्यात पाणी ओढून घेतात, ही गोष्ट अनेकांना चमत्कार वाटत असे. आता तिचे साधे कारण उमगले. लहान मूल नळीने सरबत ओढते, त्यातलाच हा प्रकार होता. चमत्कार नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ज्ञान आले. या शोधाला गुणे यांनी स्वतःचे नाव दिले नाही. आपल्या गुरूंचे स्मरण म्हणून त्यांनी त्या निर्वात स्थितीला माधवदासांचे नाव दिले.

या प्रयोगांनी त्यांना आपल्या जीविताचे कार्य सापडले. १९२४ सालच्या विजयादशमीला त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम या आश्रमाची स्थापना केली. तेव्हापासून स्वामी कुवलयानंद हेच त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. सह्याद्रीच्या माथ्यावरील या आश्रमात साधनेबरोबर प्रयोगशाळाही होती. एकीकडे साधक आसने करीत, तर दुसरीकडे त्यांची नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजला जाई. त्याच वर्षी स्वामीजींनी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आपले प्रयोग, त्यांची छायाचित्रे आणि निष्कर्ष ते त्यात प्रसिद्ध करीत. जगातील कोणाही शास्त्रज्ञाने ते वाचावे, तपासावे आणि चुकले असेल ते दाखवून द्यावे, अशी त्यामागची भूमिका होती. शास्त्रीय विवेचनाबरोबर सामान्य वाचकांना समजेल असे लेखनही त्यात असे.

स्वामीजींच्या सत्यनिष्ठेची कसोटी प्राणायामाच्या बाबतीत लागली. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, अशी समजूत सर्वत्र रूढ होती. योगाचे अभिमानी हे मोठ्या हौसेने सांगत. स्वामीजींनी उच्छ्वासाची हवा तपासली आणि हिशेब केला. त्या मापनांतून ही समजूत खरी ठरली नाही. ही गोष्ट त्यांनी लपवून ठेवली असती, तर ती कोणाला कळली नसती. योगाची कीर्ती वाढावी, यासाठीच तर त्यांनी घरदार सोडले होते. परंतु खोट्या आधारावर उभारलेली कीर्ती त्यांना नको होती. प्राणायामाचे महत्त्व प्राणवायूच्या साठ्यात नसून दुसरीकडे शोधले पाहिजे, असे त्यांनी स्पष्टपणे लिहून टाकले. आपल्या आवडत्या गोष्टीविरुद्ध साक्ष देण्याचा प्रसंग आला असता ज्याची वाणी अडखळत नाही, तोच खरा संशोधक होय.

रोग्यांना व्यायाम देतानाही त्यांची हीच दक्षता दिसे. आसने सर्वांनी सारखीच करावी, असे त्यांनी कधी सांगितले नाही. शरीराला हिसका देऊ नये, श्रम सोसवतील तेवढेच करावे, प्रगती हळूहळू करावी आणि शेवटी शवासनात अंग सैल सोडावे, असे त्यांचे नियम होते. ज्यांचे कान वाहतात किंवा ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे, त्यांनी शीर्षासन करू नये, अशी सूचना ते देत. कोणते आसन करावे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. कोणते कोणी करू नये, हे सांगणारा विरळा. दुखापत झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती होऊच न देणे श्रेयस्कर, हे तत्त्व त्यांच्या या सूचनांमागे होते.

स्वामीजींची कीर्ती महात्मा गांधींच्या कानांवरही गेली. १९२७ साली महाराष्ट्राच्या दौऱ्यात असताना महात्माजींची प्रकृती एकाएकी बिघडली. त्यांचा रक्तदाब वाढला आणि त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या वेळी त्यांनी स्वामीजींचा सल्ला घेतला. महात्माजी पत्रांतून आपल्या प्रकृतीची हकिकत आणि रक्तदाबाचे आकडे स्वामीजींना कळवीत. स्वामीजी त्यानुसार सूचना देत. रोगी देशाचा नेता असो वा गिरणीतील मजूर असो, आधी तपासणी व मग व्यायाम, हा क्रम चुकत नसे.

कैवल्यधामाकडे आता परदेशांतील अभ्यासकांचेही लक्ष वेधले. अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करणारे के. टी. बेहनन हे भारतीय अभ्यासक लोणावळ्यास येऊन राहिले आणि त्यांनी योगावर ग्रंथ लिहिला. १९३७-३८ मध्ये जोसेफिन रॅथबोन या विदुषी येथे आल्या. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापिका होत्या. वाकलेली पाठ, दुखणारी कंबर, सपाट पाऊल असे शरीराचे दोष व्यायामाने कसे सुधारावे, हा त्यांचा खास विषय होता. पुढे १९५४ साली अमेरिकेत खेळाडूंच्या आरोग्याचा अभ्यास करणारी एक प्रसिद्ध संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत रॅथबोनबाईंचा समावेश होता. अशा विदुषीला लोणावळ्याच्या आश्रमातून काही शिकावेसे वाटले, यातच स्वामीजींच्या कार्याची थोरवी दिसून येते.

या ठिकाणी आणखी एका पुरुषाचे स्मरण होते. ज्या १८८३ साली डभोईस जगन्नाथ गुणे जन्मले, त्याच साली जर्मनीत जोसेफ पिलाटीस यांचा जन्म झाला. बालपणी ते प्रकृतीने अशक्त होते. व्यायामाच्या बळावर त्यांनी आपले शरीर सुधारले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना इतर जर्मनांबरोबर छावणीत डांबून ठेवण्यात आले. तेथे त्यांनी आपल्या सोबत्यांना व्यायाम शिकविला. पुढे न्यूयॉर्क येथे त्यांनी व्यायामशाळा काढली. नृत्य करताना ज्यांचे पाय वा पाठ दुखावली असे नर्तक तेथे येत आणि बरे होऊन पुन्हा रंगमंचावर उभे राहत. पिलाटीस यांनी आपल्या पद्धतीला नियंत्रणाचे शास्त्र या अर्थाचे नाव दिले होते. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि अनेक भौतिकोपचार तज्ज्ञ दुखापतीनंतर रोग्यांकडून तिचे प्रकार करवून घेतात.

एक पुरुष नर्मदेच्या तीरी शिकला, दुसरा युरोपात वाढला. एकाचे ध्येय अध्यात्माचे होते, दुसऱ्याचे शरीरसामर्थ्याचे. तरीही दोघांचे लक्ष सारख्याच गोष्टींकडे गेले. पोटाचे स्नायू, पाठीचा कणा आणि श्वास यांचा मेळ दोघांनीही महत्त्वाचा मानला. तंबूचा मधला खांब ताठ राहावा म्हणून चहूबाजूंनी दोर ताणलेले असतात. आपल्या कण्याला तसाच आधार पोटाचे आणि पाठीचे स्नायू देतात. हे दोर ढिले पडले की वजन उचलताना वा उडी मारताना कण्यावर ताण पडतो. म्हणून केवळ दंड फुगविणारा व्यायाम पुरेसा नाही. व्यायाम सावकाश, लक्षपूर्वक आणि श्वासाच्या लयीत झाला पाहिजे, हे दोघांनीही ओळखले होते. सत्याचा शोध प्रामाणिक असेल, तर दूरदूरच्या वाटाही एकाच माळावर येऊन मिळतात.

स्वामीजींना आपले ज्ञान आश्रमाच्या भिंतीआड ठेवावयाचे नव्हते. १९३२ साली मुंबई येथे त्यांनी योगिक आरोग्यकेंद्र सुरू केले. १९३६ साली ते समुद्रकिनाऱ्यावर मरीन ड्राइव्ह येथे नेण्यात आले आणि ईश्वरदास चुनीलाल यांचे नाव त्याला देण्यात आले. शहरातील बैठे काम करणारे, अपचनाने वा निद्रानाशाने त्रासलेले अनेक लोक तेथे येऊ लागले. शाळांतील मुलांसाठीही स्वामीजींनी विचार केला. अनेक मुलांना एकाच वेळी हुकुमांच्या तालावर करता येतील असे योगाचे सोपे प्रकार त्यांनी बसविले. माणिकरावांच्या आखाड्यातील सामुदायिक कवायत आणि माधवदासांचा योग यांचा हा सुंदर संगम होता. १९३७ साली मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिचे अध्यक्षपद स्वामीजींकडेच आले. शाळेतील व्यायामाचा तास हा शिक्षणाचा भाग आहे, ही गोष्ट आज सर्वमान्य झाली आहे. ती रुजविण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

स्वातंत्र्यानंतर स्वामीजींचे कार्य अधिकच विस्तारले. १९५१ साली लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय निघाले. योगशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने शरीराची रचनाही अभ्यासली पाहिजे, हा स्वामीजींचा आग्रह होता. ज्याला सांधा कसा जोडलेला असतो हे माहीत नाही, त्याने दुसऱ्याचा सांधा वाकवू नये, हे उघडच आहे. १९६१ साली योगोपचार करणारे रुग्णालयही तेथे उभे राहिले. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासमवेत स्वामीजींनी योगोपचारांची मूलतत्त्वे सांगणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने तो प्रसिद्ध केला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या विद्येकडे पुष्कळ लोक संशयाने पाहत, तिला आता राजमान्यता मिळाली होती.

परंतु एवढे यश मिळूनही स्वामीजींची वृत्ती पालटली नाही. योगाने सर्व रोग नाहीसे होतात, असा दावा त्यांनी केला नाही. शस्त्रक्रियेच्या जागी शस्त्रक्रियाच हवी आणि मोडलेल्या हाडाला आधी आधारच हवा. व्यायामाचे काम त्यानंतरचे. त्यांच्या काळची साधने साधी होती आणि प्रयोगांत भाग घेणाऱ्यांची संख्याही थोडी होती. म्हणून त्यांचे सगळेच निष्कर्ष अखेरचे मानता येणार नाहीत. अधिक चांगली यंत्रे हाती आल्यावर नव्या पिढीने ते पुन्हा तपासावे, हेच त्यांच्या शिकवणीस धरून आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी या कर्मयोग्याचे देहावसान झाले. पुढल्याच वर्षी जोसेफ पिलाटीस यांनीही जगाचा निरोप घेतला. स्वामीजींनी लावलेले कैवल्यधामाचे रोपटे मात्र वाढतच राहिले. लोणावळ्याची ही संस्था आजही योगाचे शिक्षण, संशोधन व उपचार यांचे कार्य करीत आहे.

आज नांदेडच्या वा लातूरच्या मैदानावर कबड्डी खेळताना एखाद्या मुलाचा गुडघा दुखावतो. तो भौतिकोपचार तज्ज्ञाकडे जातो. तज्ज्ञ प्रथम गुडघा तपासतात, तो किती वाकतो हे मोजतात आणि मग एक लहानसा व्यायाम सांगतात. पाय पलंगावर सरळ ठेवून मांडीचे स्नायू आवळावयाचे आणि सैल सोडावयाचे, एवढेच. मुलाला वाटते, एवढ्याने काय होणार? त्याला तर उद्याच मैदानात उतरावयाचे असते. पण काही दिवसांनी व्यायाम थोडा वाढतो. मग पोटाचे आणि कमरेचे स्नायू बळकट करणारे प्रकार येतात. मग एका पायावर तोल सांभाळणे येते, आणि मग सावकाश धावणे. प्रत्येक पायरीवर तपासणी होते. जो धीर धरतो, तो पुन्हा खेळू लागतो आणि पुढची दुखापत टाळण्याची रीतही शिकतो. जो उतावीळ होतो, तो पुन्हा फडाबाहेर बसतो.

अशा त्या तपासणीत आणि अशा त्या धीरात स्वामी कुवलयानंदांच्या आयुष्याचा अर्थ सामावलेला आहे. शरीर ही ईश्वराची देणगी आहे, असे आपण म्हणतो. त्या देणगीचा मान राखावयाचा, तर तिच्याविषयीचे ज्ञान मिळविले पाहिजे. केवळ परंपरा सांगते म्हणून करू नये आणि केवळ नवे आहे म्हणूनही करू नये. स्वतः अनुभव घ्यावा, मोजून पाहावे आणि जे खरे ठरेल ते नम्रपणे स्वीकारावे. आखाड्यात घडलेल्या, नर्मदेच्या तीरावर साधना केलेल्या आणि सह्याद्रीच्या माथ्यावर प्रयोगशाळा उभारणाऱ्या या पुरुषाने आपल्या आचरणाने हाच धडा घालून दिला.